ओ देणारी ओळ

४ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची! पुण्याहून सकाळी स्कूटी काढली, शिवऱ्याला टपरीवर चहा आणि वडापाव झाला, कापूरहोळला आत वळले आणि तिथून पुढे भातखाचरंच भातखाचरं. हिंजवडीच्या काचेच्या डब्यात सहा वर्षं काढली की माणूस शेण बघूनही खूश होतो, तशी माझी गत झाली आहे. आई म्हणाली होती, तुझ्या पायाला भिंगरी आहे, तिथेही टिकायची नाहीस. बघू या.

भोरला बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. मालक आनंदराव, पन्नाशीचे, दर वाक्याला टेबलावर थाप मारतात आणि सगळं 'होऊन जाईल' म्हणतात. काम साधं आहे. वेल्ह्याच्या अंगाला खोऱ्यात एक छोटं धरण आहे. त्यातून पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या घरांना कळवायचं. पूर्वी भोंगा होता, तो गेल्या वर्षी वीज पडून गेला. आता आमचा प्रोग्राम घरोघरी फोन करून विचारणार, 'धरणावरून बोलतोय, कुठे आहात ते सांगा.' माणसाने जागा सांगितली की मग त्याला सूचना ऐकू येणार, की पाणी सुटलंय, वर या. आधी सरळ सूचनाच द्यायचे, पण लोक जाहिरात समजून फोन कापायचे. म्हणून आधी बोलायला लावायचं.

प्रोग्राम लिहिणारा स्वरूप नावाचा मुलगा मे महिन्यात सोडून गेला. उरलंसुरलं झाडून-पुसून गणपतीच्या आत सुरू करायचं, म्हणून मी.

फोनचं यंत्र आणि त्याचा खांब धरणाखालच्या कातळवाडीत, माळावरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. माझा मुक्कामही तिथेच. शेजारी फुलाबाईंचं घर, जेवण त्यांच्याकडे. साठीच्या आहेत, एकट्या, गळ्यात माळ, तोंडात कधी शिवी नाही. कुणावर फारच चिडल्या तर 'तुजं भलं हू दे' म्हणतात आणि ते शिवीपेक्षा जोरात लागतं. रात्री भाकरी आणि कुर्डूची भाजी. मी तीन भाकऱ्या हाणल्या. झोप कशी येते बघा आता.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रोग्राम उघडला आणि डोकंच फिरलं. जागोजागी विसरलेले ब्रेकपॉइंट! आनंदरावांना मी असं समजावलं: चूक शोधताना आपण एखाद्या ओळीवर थांबा ठेवतो. प्रोग्राम तिथवर येतो आणि गुमान उभा राहतो. आपण आत डोकावायचं, काय बिनसलंय ते बघायचं, 'पुढे' दाबायचं. काम झालं की थांबा काढून टाकायचा. विसरलात आणि प्रोग्राम तसाच लोकांच्या हातात गेला, तर तिथेही तो उभाच राहणार, आणि 'पुढे' दाबायला कुणी नसणार. आनंदराव म्हणाले, म्हणजे एसटी थांब्यावर आणि कंडक्टर घरी. अगदी तसंच.

मागच्या कंपनीत मला 'झाडूवाली' म्हणायचे, ते यावरूनच. मी एक चाळणी लिहून ठेवली आहे. एकही थांबा राहिला असेल तर ती प्रोग्राम बाहेर सोडतच नाही. तिला आजवर कुणी गुंगारा दिलेला नाही.

सगळे थांबे पटापट उडवले. एकावर मात्र स्वरूपने टीप लिहिली होती: 'हा काढू नये. हितं माणूस बसलेला पाहिजे.' आणि थांबा कुठे, तर सूचना ऐकवणाऱ्या ओळीवरच! म्हणजे पहिल्या घराने उत्तर दिलं की गाडी उभी, आणि पुढची सगळी घरं वाऱ्यावर. यादीत शेवटचं नाव फुलाबाईंचं. घर माळावर असलं तरी त्यांचा दिवस जातो खाली, नदीच्या कडेला, गोठ्यात. या शहाण्याला माणसं बुडवायची होती की काय? काढला. चाळणी खूश, मी खूश.

७ ऑगस्ट, गुरुवार

सूचनेचा आवाज यंत्राचा होता, ऐकून जांभई यावी असा. मी तो काढून स्वतःच्या आवाजात भरला: 'ओ! ऐकलं. पाणी सुटलंय, वर या. आम्ही थांबलोय.' दहा वेळा भरला, अकराव्यांदा मनासारखा झाला. कौतुक करून घ्यायला फुलाबाईंना ऐकवला, तर त्यांचा तांदूळ निवडणारा हात थांबला.

म्हणाल्या, "त्यातली ओ तेवढी काढ, अश्विनीबाय."

मग सांगितलं. भोंग्याच्याही आधी त्यांचे सासरे रखमाजी काठाकाठाने हाका मारत जायचे. एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घराने ओ द्यायची, की पुढे. पण खालून कुणी उलटी हाक मारली, तर हाक मारणाऱ्याने ओ द्यायची नाही, मान खाली घालून चालत राहायचं. का, विचारलं तर म्हणाल्या, "नदीत गेल्यालं माणूस आशंवर असतंय. कुणी ओ दिली की त्येला वाटतं, आपल्यालाच वर बोलावलं."

मी म्हटलं, मावशी, नदीतल्या लोकांकडे मोबाईल कुठला, आणि असला तरी पाण्याखाली रेंज कुठे आहे? त्या हसल्या नाहीत. ओ मी तशीच ठेवली, चांगली जमली होती.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, सगळे घरी, म्हणून चाचणी आजच उरकली. काय मजा आली! 'कुठे आहात' विचारल्यावर कुणी 'घरात', कुणी 'खाचरात', आणि टोकाच्या घरातला कोंडिबा म्हणाला, "हितंच हाय की, कुठं जातोय." सगळ्यांना माझी सूचना गेली. नंतर आनंदराव पेढे घेऊन आले आणि खांबावर थाप मारून गेले.

फक्त उत्तरं मोजली तर घरांपेक्षा एक जास्त. ज्याला फोन गेलाच नाही त्याचं उत्तर! नंबरची जागा कोरी. आवाज ऐकला. आधी पाण्याची खळखळ, मग सावकाश एकच शब्द, "डोहात". बाईचा की पुरुषाचा, कळत नाही. त्यालाही माझी सूचना गेली आहे. ओ, ऐकलं, वर या.

लाइन कुठेतरी चिकटली असणार. बघते.

११ ऑगस्ट, सोमवार

काही सापडलं नाही. दोन दिवस नुसती येरझाऱ्या घालते आहे, बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की पुन्हा बसून तीच ओळ बघावीशी वाटते. फुलाबाई म्हणाल्या, पायाखाली विस्तू हाय का काय तुज्या?

आज पुन्हा चाचणी. पुन्हा कोरा नंबर. या वेळी "खडकावर". खडक डोहाच्या वर आहे, बाया तिथे धुणं धुतात. पाण्याची खळखळ नव्हती, त्यामुळे शब्द स्वच्छ आला. आणि शब्दानंतर फोन ठेवला नव्हता. माझी सूचना संपल्यावरही तिकडून कुणीतरी धरून होतं.

कोऱ्या नंबरला उत्तरच द्यायचं नाही असं प्रोग्राममध्ये लिहून टाकलं. संपला विषय.

१३ ऑगस्ट, बुधवार

भरभर लिहिते आहे, अक्षर लागलं तर लागलं.

दुपारी बाराची चाचणी, लॅपटॉप घेऊन फुलाबाईंच्या चुलीपाशीच बसले होते. फुलाबाई माझ्यासमोर भाकरी थापत होत्या आणि त्यांचा मोबाईल त्यांच्याच फडताळात चार्जिंगला होता. त्यांच्या घरात रेंज नाही, गोठ्यापाशीच काय ती मिळते, म्हणून यादीतलं शेवटचं उत्तर येणारच नाही हे मला माहीत होतं. आलं. फुलाबाईंचा नंबर. फुलाबाईंचाच आवाज. "गोठ्यात."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंड बंद होतं. हातात पीठ होतं.

त्यांनीही ऐकलं. तवा उतरवला, हात धुतले, माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि माझा हात धरला. नंतर एवढंच म्हणाल्या की म्हैस परवापासून गोठ्यात शिरत नाही, मारलं तरी शिरत नाही, दारातच पाय रोवते. काल त्यांनी तिला बाहेरच्या खुंटाला बांधलं.

मीच बोलावलं. माझ्या आवाजात, 'आम्ही थांबलोय' म्हणून. ते खरंच वर येतंय आणि मी त्याला वाट सांगते आहे. मला भीती वाटते आहे, सरळ लिहिते. लहानपणी वाटायची तशी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन सोडून पालीला गेले. स्वरूप तिथला, राजगडाच्या पायथ्याचा. रस्ताभर ट्रेकवाल्यांच्या गाड्या, पोरं गाणी म्हणत होती, आणि मला वाटत होतं गाडी थांबवून त्यांच्याबरोबर निघून जावं.

स्वरूपच्या आईने अंगणातून हाक मारली. तो पडवीत पाठमोरा बसला होता, दहा पावलांवर. वळला नाही. ती म्हणाली, बहिरा झाला नाही, पण मे महिन्यापासून हाकेला ओ म्हणून देत नाही, कुणाच्याच. जाऊन खांद्याला हात लावावा लागतो. सांगताना तिचे डोळे भरले.

मी खांद्याला हात लावला. त्याने आधी माझे पाय बघितले, मग तोंड. विचारलं, थांबा काढलास का? मी हो म्हटलं. त्याने शेजारचं पोतं माझ्याकडे सरकवलं.

मग सांगितलं. त्यालाही जास्तीची उत्तरं यायची. नंबर अडवला तर ते दुसऱ्याच्या नंबरावरून येतं. आवाजही अडवता येत नाही, तोही ते दुसऱ्याचा घेतं. म्हणून त्याने सूचनेच्या ओळीवर थांबा ठेवला आणि स्वतः बसायला लागला. उत्तर आलं की प्रोग्राम उभा. पलीकडच्याला ताटकळत ठेवायचं. तो म्हणाला, "जित्ता माणूस ताटकळला की शिव्या घालतो. अरं बोल की भाड्या, म्हणतो. ते नुसतं थांबतं. त्येला घाई न्हाई." शिवी आली की 'पुढे' दाबायचं, नाही आली तर ती ओळ ओलांडून प्रोग्राम पुढच्या घराकडे न्यायचा.

मग काम का सोडलंस, असं विचारलं. एकदा एक उत्तर त्याच्या मेलेल्या भावाच्या आवाजात आलं. त्याने दाबलं. एवढंच म्हणाला.

१६ ऑगस्ट, शनिवार

थांबा परत ठेवला. चाळणी प्रोग्राम सोडेना, तिचं कामच ते. आयुष्यात पहिल्यांदा माझीच चाळणी बंद केली.

चाचणी घेतली. ओ काढून टाकायला गेले, नवी सूचना भरली, आणि ऐकून बघितली तर जुनीच वाजते. चारदा केलं. ओ जात नाही.

पण थांबा चालतो! एकेकाला ताटकळवलं. कोंडिबाने माझ्या सात पिढ्या काढल्या, इतकं गोड मी कधी काही ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी शिव्या दिल्या. एक उत्तर गप्प होतं. "दारात", एवढं बोलून थांबलेलं. कुठल्या दारात ते सांगितलं नाही. ओलांडलं.

फुलाबाईंचं काय, हे नंतर लक्षात आलं. त्या शिवी देत नाहीत. मी त्यांना गोठ्यात पाठवून चाचणी घेतली तर 'गोठ्यात' म्हणून त्या फोन धरून गप्पच. त्या वर आल्यावर मी ओरडले, मावशी, चिडायचं की! त्या म्हणाल्या, "तूच म्हनलीस ना, माजा आवाज येईस्तवर जागचं हलू नका, रेंज जाईल. मग उभी ऱ्हायले."

शेवटी त्यांनी कबूल केलं, पाळी आली तर 'तुजं भलं हू दे' म्हणतील.

१८ ऑगस्ट, सोमवार

आनंदराव चिडले. थांबा ठेवून प्रोग्राम द्यायचा म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, ही तुझीच वाक्यं ना? माझीच. म्हणाले, परवापर्यंत काढ, नाहीतर मी दुसऱ्याकडून काढून घेतो. मी म्हटलं, मी बसते तिथे, स्वतः. म्हणाले, वर्षभर? रोज?

पाऊस हटत नाही. धरण काठोकाठ भरलंय.

झोप नाही. खोलीला एकच दार आहे, त्याकडे तोंड करून बसते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी दोन. धरणावरून निरोप आला, तासाभरात पाणी सोडणार. खरं. चाचणी नाही.

फुलाबाई म्हैस सोडायला खाली गेल्या आहेत. मी नको म्हणत होते, मी जाते म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू हितनं उठलीस तर सगळ्यास्नी कोन सांगंल?" बरोबर होतं. छत्री घेऊन गेल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सुरू केलं.

लिहीत राहते, हात रिकामे राहिले तर घाईघाईने भलतंच दाबीन.

शिवी. पुढे.

शिवी. पुढे.

गप्प. वाट बघितली. गप्पच. ओलांडलं.

कोंडिबा. माझ्या आईला नको ते बोलला. देव त्याचं भलं करो. पुढे.

शिवी. शिवी. गप्प. गप्प. इतकी गप्प उत्तरं कधीच नव्हती —

तास संपत आला. शेवटचं राहिलं. फुलाबाई.

लागला. उचलला. "गोठ्यात."

त्यांचाच आवाज. तेव्हाही त्यांचाच होता.

थांबा लागलाय. मी थांबले आहे. त्याही.

बोला ना मावशी. ठरलं होतं ना. तुजं भलं हू दे.

पावसाचा आवाज येतोय फोनवर. गोठ्याच्या पत्र्यावरचा. तो कुणाच्याही फोनवर येईल.

माझ्या मोबाईलवरून लावून बघितला. त्यांचा नंबर व्यस्त. म्हणजे त्या या फोनवर आहेत. किंवा —

दारातून ओरडले, "मावशी!" पावसात माझं मलाच ऐकू येईना. उत्तर नाही. पळत खाली जायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात पाणी येईल. पाण्याचा आवाज यायला लागलाय वरून. गडगडल्यासारखा.

अजून गप्प.

विसरल्या असतील. त्यांना माझ्यावर चिडता येत नाही. मी म्हटलं होतं, आवाज येईपर्यंत हलू नका. हलणार नाहीत त्या. मी सांगेपर्यंत तिथेच —

ओलांडलं तर त्या —

दाबलं.

दाबलं मी. ऐकतेय माझाच आवाज. ओ! ऐकलं. पाणी सुटलंय, वर या. आम्ही थांबलोय.

तिकडून फोन ठेवला. पहिल्यांदा ठेवला.

मग पाणी गेलं खालून. इथून गोठा दिसत नाही. पत्रा वाहत गेलेला दिसला.

म्हैस आली वर. एकटी. दाव्यासकट. माझ्या दारासमोरून पळत गेली, थांबली नाही.

कडी लावली आहे.

"अश्विनीबाय, आले गं वर."

त्यांचा आवाज. दाराशी. आल्या! जिवंत —

उठले आणि बसले. ओ दिली नाही. तोंडावर हात दाबून बसले आहे.

ताटकळवायचं. जिवंत माणूस ओरडतो. भिजलेली बाई, म्हातारी, दारात उभी, दार उघडेना — कुणीही ओरडेल. दार बडवेल.

बडवत नाहीये.

दाराखालच्या फटीत पावलं दिसतात. हलत नाहीत.

मावशी, गारठल्या असाल ना. उघडते मी. लगेच उघडते. शिवी नको. नुसतं तुजं भलं हू दे म्हणा. एकदाच म्